विकरांच्या गोळ्या : गुण किती, भरवसा किती?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या कार्यक्रमात एक तास आरोग्यविषयक भाषणासाठी राखून ठेवण्याची प्रथा कार्यकारी मंडळाने पाडली आहे, ती स्तुत्य आहे. यंदा हा मान मजकडे आला. मी डॉक्टर नव्हे. औषधविक्रीच्या व्यवसायात एकतीस वर्षे काढलेला आणि गेली सहा वर्षे मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीचे दप्तर सांभाळणारा एक साधा सभासद आहे. तेव्हा रोगनिदानाची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. परंतु औषधांच्या चिठ्ठ्या आणि औषधांची बिले या दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांखालून पुष्कळ गेल्या आहेत, आणि आजचा विषयही त्या बिलांतूनच निघाला आहे.

निधीकडे येणाऱ्या बिलांत काही नावे पुनःपुन्हा दिसू लागली आहेत. दाढ काढली, पाय मुरगळला किंवा हाड मोडले, की सेराशिओपेप्टिडेज, नाहीतर ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन यांची जोडगोळी. गुडघे दुखू लागले, की अननसापासून काढलेले ब्रोमेलेन, अथवा पाच-सहा द्रव्ये एकत्र केलेली जर्मन पद्धतीची गोळी. शिवाय अमेरिकेत वा आखातात असलेली आपली मुलेबाळे सुट्टीत येताना बाबांसाठी म्हणून मोठमोठ्या बाटल्या घेऊन येतात त्या वेगळ्याच. ही सारी द्रव्ये एकाच कुळातील. शास्त्रीय परिभाषेत त्यांना विकर म्हणतात, व्यवहारात एन्झाइम. ती सूज उतरवतात, संधिवात हटवतात, रक्त पातळ करतात, इतकेच काय, पण कर्करोगही विरघळवतात, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. यांपैकी कोणत्या बोलण्यात तथ्य आहे आणि किती, हे आज तपासावयाचे आहे.

विकर ही काही प्रयोगशाळेतील नवलाची वस्तू नव्हे. आपल्या स्वयंपाकघरात ती रोज भेटते. भाताचा घास तोंडात बराच वेळ घोळवला तर गोड लागू लागतो, ते लाळेतील विकराचे काम. अननस पोटभर खाल्ला की जीभ चरचरते आणि त्याच्या ताज्या फोडी दुधात घातल्या तर थोड्या वेळाने दूध कडवट होते. मांसाहारी घरांत निबर मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा कीस लावतात. अननसातील ब्रोमेलेन आणि पपईच्या चिकातील पपेन ही दोन्ही विकरे प्रथिने तोडणारी आहेत, म्हणून हे घडते. डबाबंद अननसाने मात्र दूध कडवट होत नाही, कारण डबा भरताना दिलेल्या उष्णतेने ब्रोमेलेन मरते. एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवले तरी विकराचा स्वभाव कळतो. ते नाजूक असते, उष्णतेने आणि तीव्र आम्लाने बिघडते, आणि जेथे ते प्रत्यक्ष पोहोचते तेथेच काम करते.

या शेवटच्या वाक्यावर माझे सारे विवेचन उभे आहे. पोटात घेतलेले विकर कोठे काम करावयाचे आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा.

ज्याचे काम अन्नमार्गातच आहे, त्याच्याविषयी वाद नाही. स्वादुपिंडाच्या जुनाट विकाराने वा शस्त्रक्रियेमुळे ज्यांचे पाचकरस आटले आहेत, त्यांना अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, पचत नाहीत. शौचास तेलकट होते, वजन झपाट्याने उतरते. अशा रोग्यास प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून केलेले पॅन्क्रिएटिन जेवणाबरोबर दिले, तर तो पुन्हा अंग धरू लागतो. हे औषध वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर घ्यावे लागते आणि त्यावर केलेला एक पैसाही वाया जात नाही. दूध न सोसणाऱ्यास लॅक्टेजची गोळी देतात, तिचेही तसेच. निधीने अशा बिलांना कधी नकार दिलेला नाही आणि देऊही नये.

ज्याचे काम गुडघ्यात, घोट्यात किंवा रक्तवाहिनीत आहे असे सांगितले जाते, त्याची गोष्ट निराळी. या विकरांची वाट बिकट असते. प्रथम जठरातील आम्ल. त्यातून वाचावे म्हणून गोळीवर आतड्यात गेल्यावरच विरघळणारे वेष्टन चढवतात. ते नसेल तर पुष्कळसा ऐवज जठरातच नष्ट होतो. पुढे आतड्यात विकर स्वतःच प्रथिन असल्यामुळे डाळीच्या वा अंड्याच्या प्रथिनाप्रमाणे त्याचाही फडशा पडू लागतो. त्यातून काही अंश अखंड राहून रक्तात शिरतो, हे प्रयोगांनी दिसलेले आहे. पण तो अंश अल्प असतो. आणि रक्तात शिरताच आपल्या शरीराने ठेवलेले पहारेकरी त्याला गाठतात. प्रथिने तोडणारे विकर रक्तात मोकाट सुटणे धोक्याचे असल्यामुळे अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिनासारखी द्रव्ये त्याला धरून बांधतात. विकराचे पुरस्कर्ते म्हणतात की बांधलेल्या स्थितीतही ते दाहाचे नियमन करते. असेलही. परंतु तर्क कितीही सुंदर असला तरी रोग्याला बरे वाटते की नाही हे रोग्यावरच पाहावे लागते.

ते पाहावयाचे कसे, याविषयी दोन शब्द. दाढ काढल्यावर गाल सुजतो, दोन-तीन दिवस सूज चढते आणि पुढे आपोआप ओसरू लागते. तिसऱ्या दिवशी ज्याने गोळी सुरू केली त्याची सूज गोळीने उतरली आणि ज्याने सुरू केली नाही त्याची? तीही उतरलीच. म्हणून शास्त्रज्ञ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी नकली गोळी देतात, आणि कोणाला कोणती दिली हे रोग्यालाही कळू देत नाहीत व तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. या कसोटीला लागलेले सोने तेवढे सोने. ‘आमच्या मेहुण्यांना फार गुण आला’ हे वाक्य मी दुकानात गल्ल्यावर बसून हजारो वेळा ऐकले आहे. सांगणारे मेहुणे खोटे बोलत नव्हते. पण त्यांना गुण कशाने आला हे त्यांना तरी कोठे ठाऊक होते?

आता सेराशिओपेप्टिडेज घेऊ, कारण आपल्याकडे त्याचा खप सर्वांत मोठा. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या एका जिवाणूपासून ते जपानात मिळवले गेले. ‘रेशमाचा पतंग या विकरानेच कोश विरघळवून बाहेर पडतो, मग आपली सूज का विरघळणार नाही?’ अशी एक गोड कथा जाहिरातींतून फिरते. पतंग कोश भेदतो तो स्वतः निर्माण केलेल्या कोकूनेज नावाच्या वेगळ्याच विकराने. असो. जपानात टाकेडा या मोठ्या कंपनीने हे औषध डानझेन या नावाने अनेक वर्षे विकले. पुढे तेथील नियमांप्रमाणे त्याची नव्याने नकली गोळीशी तुलना करण्यात आली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसेना. आणि २०११ साली कंपनीने ते स्वतःहून बाजारातून मागे घेतले. आपल्याकडे २०१३ साली भारतीय डॉक्टरांनीच उपलब्ध पुराव्याचा आढावा प्रसिद्ध केला. अभ्यास थोडे, लहान आणि सदोष आहेत, दीर्घकाळ घेण्याच्या सुरक्षिततेविषयी माहिती अपुरी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. जन्मभूमीत निवृत्त झालेले हे औषध आपल्या पेठेत मात्र अद्याप भर तारुण्यात आहे!

याचे एक कारण सांगतो, ते घरातील वडीलधाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. आपल्याकडे ही गोळी बहुधा एकटी येत नाही. तिच्यात असेक्लोफेनॅक वा डायक्लोफेनॅक, आणि पुष्कळदा पॅरासिटामॉलही मिसळलेले असते. दुखणे थांबते ते प्रामुख्याने या वेदनाशामकांमुळे. श्रेय मात्र विकराच्या पदरी पडते. आणि ‘ही तर सुजेची साधी गोळी’ असे समजून मधुमेहाचे वा रक्तदाबाचे वृद्ध रोगी ती आठवडेच्या आठवडे घेतात, तेव्हा मूत्रपिंडाला आणि जठराला इजा होते ती त्या वेदनाशामकाने. पाकिटावरील मोठे नाव न वाचता त्याखालील बारीक अक्षरांतील घटक वाचण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. माझ्या मते आजच्या भाषणातून एवढी एकच गोष्ट घरी नेली तरी पुरे.

ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनची बाजू किंचित बरी म्हणता येईल. शस्त्रक्रिया, अस्थिभंग किंवा मुका मार यांनंतर थोडे दिवस घेतल्यास सूज काहीशी लवकर उतरते, असे सांगणारे अभ्यास आहेत. त्यांतील बरेच लहान आहेत. डॉक्टरांनी पाच-सात दिवस दिली, रिकाम्या पोटी घेतली, काम झाले, थांबवली, यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. ती गोळी चघळू वा फोडू नये, कारण तिचे वेष्टन हेच तिचे चिलखत. ब्रोमेलेनचेही अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर थोडाफार उपयोग दाखवणारे प्रयोग आहेत. १९५७ च्या सुमारास हवाईतील अननसाच्या कारखान्यांत ज्या खोडाला कचरा समजत, त्यातच हे विकर भरपूर असते हे लक्षात आले आणि कचऱ्याचे द्रव्य झाले. परंतु गुडघ्याच्या झिजेवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात रोज ८०० मिलिग्रॅम ब्रोमेलेन बारा आठवडे देऊनही नकली गोळीपेक्षा अधिक गुण दिसला नाही. त्यात भाग घेणारे ४७ जण होते. याच ब्रोमेलेनचा लेप भाजलेल्या जखमेवरील मेलेली कातडी काढण्यासाठी वापरतात आणि त्यास युरोपात २०१२ साली व अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. तेथे विकर जखमेवर थेट पडते, हा फरक ध्यानात घ्यावा.

जर्मन पद्धतीच्या मिश्र गोळीची कुळकथा अशी. मॅक्स वोल्फ आणि हेलेन बेनिटेझ यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा मिश्रणांवर काम केले. त्यांच्या नावांतील अक्षरांवरून वोबेन्झाइम हे नाव पडले. पॅन्क्रिएटिन, ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, पपेन, ब्रोमेलेन आणि रुटिन नावाचे वनस्पतिजन्य द्रव्य, असा तिचा मसाला. हिच्याविषयी न्यायाने बोलले पाहिजे. गुडघ्याच्या झिजेच्या १५० रोग्यांवर बारा आठवडे केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात या गोळीचा परिणाम डायक्लोफेनॅकच्या तोडीचा आणि नकली गोळीपेक्षा सरस दिसला. अशाच सहा प्रयोगांतील ७७४ रोग्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हाही डायक्लोफेनॅकइतका आराम आणि उपद्रव कमी, असेच दिसले. मात्र यांतील संशोधनामागे उत्पादकाचा पैसा आहे, बहुतेक प्रयोग थोड्या आठवड्यांचे आहेत, आणि गुडघ्यातील झिजलेली कूर्चा त्याने पुन्हा वाढते असे कोणी दाखवलेले नाही. ज्यांना डायक्लोफेनॅक सोसत नाही अशांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे ही गोळी घेऊन पाहण्यास हरकत नसावी. उतार न पडल्यास बंद करावी. गुडघ्याचे व्यायाम आणि वजन उतरवणे या दोहोंची सर तिला येणार नाही. परंतु ती बाटलीतून येत नाहीत, म्हणून त्यांना मान नाही.

येथपर्यंत नुकसान झाले तर बहुधा पैशाचे. जुनाट आणि गंभीर विकारांत मात्र विकराची आशा महागात पडते, आणि मला आज येथे उभे राहावेसे वाटले ते यासाठी.

दोन वर्षांपूर्वी निधीकडे एक अर्ज आला. अर्जदार भगिनी चाळिशीच्या आतील, आमवाताने पीडित. आमवात म्हणजे गुडघ्याची झीज नव्हे. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. मेथोट्रेक्सेटवर त्यांचे बरे चालले होते. आप्तांपैकी कोणी ‘हे विषारी औषध, याने यकृत जाते, त्यापेक्षा नैसर्गिक विकरे घे’ असा सल्ला दिला आणि परदेशातून बाटल्या येऊ लागल्या. अकरा महिने मेथोट्रेक्सेट बंद होते. त्या अवधीत उजव्या हाताची बोटे वाकडी झाली. पुढे औषध पुन्हा सुरू केल्यावर वेदना थांबल्या. बोटे सरळ झाली नाहीत. त्या शिवणकाम करीत असत. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. पण आमवातात पहिली काही वर्षेच निर्णायक असतात आणि वाया गेलेला काळ कोणताही निधी भरून देऊ शकत नाही.

अशाच दुसऱ्या एका व्याधीत, मज्जासंस्थेच्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, विकरांची कसोटी रीतसर लागली आहे. ३०१ रोग्यांना दोन वर्षे खरी वा नकली गोळी देऊन २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उपद्रव झाला नाही आणि उपयोगही झाला नाही.

कर्करोगाची कथा अधिक जुनी आणि अधिक दुःखद आहे. एडिंबरो येथील जॉन बिअर्ड या जीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी असा सिद्धान्त मांडला की स्वादुपिंडाची विकरे कर्करोगाचा प्रतिकार करतात. पुढे न्यूयॉर्कमधील डॉ. निकोलस गोन्झालेझ यांनी विकरे, विशिष्ट आहार आणि कॉफीचा बस्ती यांची उपचारपद्धती बसवली आणि तिचा बराच बोलबाला झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने हे मत हसण्यावारी न नेता त्याची परीक्षा घेण्यास साहाय्य केले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे ५५ रोगी त्यात होते. चिठ्ठ्या टाकून गट करणे जमले नाही. प्रत्येकाने आपला उपचार स्वतः निवडला. २०१० साली निष्कर्ष बाहेर आला. रसायनोपचार घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १४ महिने भरले, विकरोपचार घेणाऱ्यांचे ४.३ महिने. उरलेले दिवस अधिक सुखाचे गेले म्हणावे, तर तेही पहिल्याच गटाचे. चौदा महिने ही काही मोठी मिळकत नव्हे, हे मी जाणतो. परंतु त्या नऊ-दहा महिन्यांत एखाद्या घरी मुलीचे लग्न होते, नातवाचे तोंड दिसते. ते ज्यांनी गमावले त्यांनी ‘नैसर्गिक’ या एका शब्दाच्या भरवशावर गमावले.

रक्त पातळ करण्याविषयीही सावध केले पाहिजे. जपानात आंबवलेल्या सोयाबीनचा नॅटो नावाचा पदार्थ खातात. त्यापासून नॅटोकायनेज काढतात. रोज २००० एकके याप्रमाणे सुमारे तीन वर्षे २६५ जणांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात धमन्यांचा काठिण्यविकार त्याने रोखला गेला नाही. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्याने वॉरफेरीन सोडून याच्या भरवशावर राहणे म्हणजे प्राणाशी खेळ. उलट वॉरफेरीन, क्लोपिडोग्रेल वा ॲस्पिरिन चालू असताना यांपैकी कोणतेही विकर त्यावर घातले, तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर अशा गोळ्यांचा उल्लेख सर्जनपुढे न विसरता करावा. ‘ते काही औषध नव्हे’ म्हणून लपवू नये. अननस, पपई किंवा रबराच्या चिकाची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी ब्रोमेलेन आणि पपेन यांच्या वाटेस जाऊ नये.

बाटलीवरील आकड्यांनीही कोणी दिपून जाऊ नये. विकर वजनाने नव्हे, शक्तीच्या एककांनी मोजतात आणि प्रत्येक विकराचे एकक निराळे. सेराशिओपेप्टिडेजची १० मिलिग्रॅमची आपल्याकडील गोळी म्हणजेच २०,००० एकके. अमेरिकेतून आलेल्या बाटलीवर १,२०,००० हा आकडा पाहून आपण थक्क होतो. तो सहा गोळ्यांचा ऐवज. ब्रोमेलेनच्या एककाशी त्याची तुलना करणे म्हणजे शेर आणि कोस यांची बेरीज करणे. शिवाय अमेरिकेत १९९४ च्या कायद्याप्रमाणे आहारपूरक विकण्यापूर्वी गुण सिद्ध करून दाखवावा लागत नाही. रोगनिवारणाचा दावा नाही, असे मात्र छापावे लागते. ते वाक्य बाटलीवर असतेच, आपण वाचत नाही इतकेच. आपल्या सरकारनेही ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ ठरावीक मिश्रणांवर बंदीची अधिसूचना काढली. त्यांत पंधराएक विकरांची खिचडी केलेले एक मिश्रणही होते. इतकी विकरे एका गोळीत घालण्याची गरज कोणत्या रोग्याला असते, हे मला आजतागायत कळलेले नाही.

सभेपूर्वी एका भगिनीने चिठ्ठी पाठवून विचारले आहे की आमच्या घरी शाकाहार कडक आहे, यांतील कोणती गोळी चालेल? प्रश्न योग्य आहे. पॅन्क्रिएटिन, ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही डुकराच्या किंवा गाईबैलांच्या स्वादुपिंडापासून काढण्याची रीत आहे. सेराशिओपेप्टिडेज जिवाणूपासून, ब्रोमेलेन आणि पपेन वनस्पतींपासून. मात्र वनस्पतिजन्य चूर्णही पुष्कळदा जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरलेले असते आणि ते जिलेटिन जनावराचे. स्वादुपिंडाच्या रोग्याला पॅन्क्रिएटिनवाचून गत्यंतर नसते. तेथे घरातील वडील मंडळींनी रोग्याला धर्मसंकटात टाकू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

निधीपुरते सांगावयाचे तर, समितीने यंदापासून असे ठरवले आहे : अन्नपचनासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या विकरांचे बिल पूर्ववत मंजूर होईल, शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्यांचे सात दिवसांपर्यंत होईल, चिठ्ठीवाचून घेतलेल्या आणि परदेशातून मागवलेल्या बाटल्यांचे होणार नाही. त्यातून वाचणारी रक्कम आमवाताच्या रोग्यांच्या रक्ततपासणीसाठी वापरावयाची आहे. मेथोट्रेक्सेटने यकृताला अपाय होतो की काय, ही धास्ती खोटी नाही. पण ठरावीक अंतराने रक्त तपासले तर तो वेळीच ध्यानात येतो. अर्जाचे नमुने मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी मिळतील. सोबत डॉक्टरांची मूळ चिठ्ठी जोडावी.